खळे सामायिक, घरे स्वतंत्र: कोकणातील लहान शहरात परवडणारी वसाहत उभारताना

कोकणात ‘सामायिक’ हा शब्द उच्चारला की ऐकणारा आधी विचारतो, दावा कोणत्या कोर्टात आहे. सामायिक सातबारा, सामायिक विहीर किंवा सामायिक पाखाडी (दगडी पायवाट) यांवरून चुलतभावांत बोलणे बंद झालेली घरे प्रत्येक वाडीत सापडतात. असे असूनही आम्ही बारा कुटुंबांनी रत्नागिरी जिल्ह्यातील एका शहराच्या हद्दीत, तीस गुंठे कातळावर, जाणूनबुजून सामायिक जागांभोवती वसाहत बांधली. आमच्यात शिक्षक होते, एसटीचे वाहक होते, परिचारिका होत्या, एक किराणा दुकानदार आणि दोन निवृत्त कारकून होते. शहरातील तयार फ्लॅट कोणालाच सहज परवडत नव्हता, आणि जो परवडत होता त्यात पावसाळ्यात कपडे वाळत घालण्याइतकीही जागा नव्हती. जमीन शोधण्यापासून राहायला जाईपर्यंत साडेचार वर्षे गेली. त्यातील निदान दीड वर्ष आमच्या अज्ञानाने खाल्ले, आणि ते तुमचे वाचावे एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

१. जमिनीआधी माणसे जमवा

बहुतेक जण स्वस्त जमीन दिसली की आधी इसार देतात आणि मग सोबती शोधतात. त्यामुळे पैसे कमी पडले की घाईत कोणालाही सामील करून घ्यावे लागते. आम्ही उलट केले. सहा महिने दर रविवारी एकेका घरी बसलो, आणि प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी लिहून दिल्या: स्वतःजवळची रक्कम, दरमहा किती हप्ता झेपेल, आणि घरात कोण कोण कायम राहणार. शेवटचा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. ज्यांना केवळ गुंतवणूक म्हणून घर हवे होते ते याच प्रश्नाशी अडले आणि आपणहून बाजूला झाले. ते बरेच झाले, कारण बंद घरांची वसाहत सामायिक जागा राखू शकत नाही.

२. काय सामायिक असेल ते घरांच्या आधी ठरवा

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि लोक नेमका हाच उरलेल्या वेळेत उरकतात. नकाशात आधी घरे बसवली, मग गाड्या बसवल्या, आणि जो तुकडा कशाच्याच कामाचा राहिला नाही त्यावर ‘उद्यान’ असे लिहिले, अशा कितीतरी वसाहती तुम्ही पाहिल्या असतील. तेथे दोन सिमेंटची बाके आणि वाळलेली हिरवळ असते, माणूस नसतो.

आम्ही प्रत्येक घरातील बायकांना विचारून एक यादी केली. रोज लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या, आठवड्याला लागणाऱ्या वेगळ्या, आणि वर्षातून चार दिवस लागणाऱ्या वेगळ्या. जे रोज लागते ते घरातच हवे: स्वयंपाकघर, न्हाणीघर, देवघराचा कोपरा, झोपण्याच्या खोल्या. जे वर्षातून चार दिवस लागते ते प्रत्येकाने स्वतंत्र बांधणे म्हणजे कर्ज काढून कुलपात ठेवणे होय. पाहुण्यांच्या खोलीचेच पाहा. गणपतीला आणि शिमग्याला मुंबईहून चाकरमानी येणार म्हणून जो तो एक जादा खोली मागत होता. बारा घरांत प्रत्येकी १०० चौरस फूट धरले तरी १,२०० चौरस फूट होतात. त्याऐवजी आम्ही न्हाणीघरासह दोन सामायिक खोल्या ३०० चौरस फुटांत बांधल्या. आमच्या वेळी बांधकामाचा दर चौरस फुटाला सुमारे २,००० रुपये पडला; म्हणजे ९०० चौरस फुटांचे १८ लाख, आणि घरटी दीड लाख रुपये वाचले. गणपतीत खोल्या कमी पडतात हे खरे; तेव्हा पोरेटोरे पडवीत झोपतात, आणि त्यांना तेच हवे असते.

आमच्या यादीत शेवटी या गोष्टी राहिल्या: दोन खळी (घरांमधली मोकळी अंगणे), चहूबाजूंनी उघडी पण वर कौले असलेली एक मोठी पडवी, पाहुण्यांच्या दोन खोल्या, विहीर, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि कपडे वाळवण्याची शेड. शेवटची गोष्ट वास्तुविशारदाने दोनदा नकाशातून काढली आणि आम्ही दोनदा परत घातली. जून ते सप्टेंबर घरात दोऱ्या बांधून ओल्या कपड्यांखाली जेवणाऱ्या माणसाला तिचे महत्त्व सांगावे लागत नाही. ऑक्टोबरनंतर तीच शेड आमसुले, पापड आणि आंब्याच्या पेट्यांसाठी वापरात येते.

येथे एक सापळा आहे. ‘सभागृह’ बांधण्याचा मोह टाळा. बंद दारांचे सभागृह किल्ली कोणाकडे यावरून भांडण लावते, तर उघड्या पडवीला किल्लीच नसते.

३. जमीन पाहताना डोळे आणि कागद दोन्ही उघडे ठेवा

कोकणातील जमिनीचा दर ऐकून हुरळून जाऊ नका. ती स्वस्त असण्याचे कारण बहुधा सातबाऱ्यावरच लिहिलेले असते. आमच्या सातबाऱ्यावर चौदा वारसांची नावे होती. तेरा जणांनी सह्या दिल्या, आणि चौदाव्या गृहस्थांना मुंबईच्या उपनगरात शोधून, आठ महिने त्यांच्या रुसव्याची कारणे ऐकून मग खरेदीखत झाले. ‘बाकीचे सह्या देतीलच’ असे एखादा सहहिस्सेदार म्हणाला, तरी सर्वांच्या सह्या होईपर्यंत साठेखतापलीकडे (म्हणजे पुढे खरेदी करण्याच्या करारापलीकडे) पैसे गुंतवू नका.

पुढील कागद खरेदीपूर्वी तुमच्या हातात हवेत:

– सातबारा आणि आठ-अ उतारा, तसेच मागील सर्व फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी). ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. कूळ, बोजा, वहिवाट तेथेच असते.
– भूमी अभिलेख कार्यालयाकडून झालेली मोजणी आणि हद्दी दाखवणारा नकाशा.
– जमीन विकास आराखड्यात कोणत्या विभागात आहे याचा झोन दाखला.
– वकिलाने काढलेला निदान तीस वर्षांच्या मालकीचा शोध अहवाल, आणि वर्तमानपत्रातील जाहीर नोटिशीची प्रत.
– रस्त्याच्या हक्काचा लेखी पुरावा. ‘पूर्वीपासून गाड्या जातात’ हा पुरावा नव्हे.

महाराष्ट्र कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ च्या कलम ६३ मुळे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला, आणि म्हणून गृहनिर्माण संस्थेलाही, परवानगीवाचून थेट विकत घेता येत नाही. सभासदांपैकी एकजण शेतकरी आहे, त्याच्या नावावर घेऊ आणि मग पाहू, ही युक्ती प्रत्येक गावात कोणीतरी सुचवतोच. ती ऐकू नका. पुढे तो सभासद किंवा त्याचे वारस फिरले तर अकरा कुटुंबे रस्त्यावर येतात. विकास आराखड्यात रहिवास विभागात असलेली जमीन पाहिलीत तर दर थोडा जास्त पडेल, पण वाट पुष्कळ सोपी होईल.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा पाहिल्यावाचून पुढे जाऊ नका. २०१९ च्या अधिसूचनेनुसार समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत, आणि खाडीच्या काठाने ५० मीटर किंवा खाडीची रुंदी यांपैकी जे कमी असेल तेथपर्यंत हे क्षेत्र धरले जाते. नदीकाठी असाल तर पूररेषा पाहा. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणच्या बाजारपेठेचे काय केले, आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून काय घडले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. डोंगर कापून सपाट केलेला तुकडा, ज्याच्या मागे ताजी उभी माती दिसते, तो फुकट मिळाला तरी घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

जमीन एकदा मुसळधार पावसात पाहा. आम्ही जुलैत छत्री घेऊन दोन तास उभे राहिलो, तेव्हा उन्हाळ्यात न दिसलेला एक पऱ्या जमिनीच्या ऐन मधून वाहताना दिसला. त्याच्याच कडेने वरच्या वाडीतील लोकांची जुनी पाखाडी जात होती. सातबाऱ्यावर तिची नोंद नव्हती. ती बंद करून गडगा (दगडी कुंपण) घालावा असे काहींचे म्हणणे होते. आम्ही पऱ्या आणि पाखाडी दोन्ही तशीच ठेवली, तिलाच वसाहतीची मुख्य पायवाट केली, आणि वरच्या वाडीशी संबंध पहिल्या दिवसापासून चांगले राहिले.

४. संस्था नोंदवा, आणि जमीन संस्थेच्याच नावावर घ्या

मुख्य प्रवर्तक निवडून सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे नाव राखून ठेवण्याचा आणि बँकेत खाते उघडण्याच्या परवानगीचा अर्ज करावा लागतो. त्यानंतर भागभांडवल जमा करून नोंदणीचा प्रस्ताव द्यावा. सोबत प्रवर्तकांची यादी, ओळखीचे व रहिवासाचे पुरावे, प्रतिज्ञापत्रे, जमिनीचे कागद, वास्तुविशारदाचा दाखला, बँकेतील शिलकेचा दाखला आणि उपविधींच्या प्रती लागतात. प्रत्येक प्रवर्तक वेगळ्या कुटुंबातील हवा. नवरा-बायको मिळून दोन मोजले जात नाहीत. आमची फाइल एका कार्यालयात तीन वेळा परत आली, आणि तिन्ही वेळा कारण एकच होते: नावांचे शुद्धलेखन आधार कार्डावर एक आणि प्रतिज्ञापत्रावर दुसरे. हे आधीच जुळवून घ्या.

एक गोष्ट मात्र सोडू नका. जमिनीचे वैयक्तिक तुकडे पाडून वाटू नका. तुकडे पडले की खळेही बारा भागांत वाटले जाते, आणि मग पुन्हा तोच कोकणी सामायिक सातबारा तयार होतो. संपूर्ण जमीन संस्थेच्या नावावर राहिली तर खळ्यावर कोणाचा व्यक्तिगत हक्क सांगता येत नाही. कोणते घर कोणाला हे चिठ्ठ्या टाकून, सर्वांसमोर, पाया खणण्याआधी ठरवा.

५. आराखडा: खळ्यापासून सुरुवात करा

वास्तुविशारदाला भेटण्याआधी सर्वांनी मिळून एकदा नवी मुंबईत बेलापूरची आर्टिस्ट व्हिलेज ही वसाहत पाहून यावी. चार्ल्स कोरिया यांनी १९८० च्या दशकात ती आखली. सुमारे सात घरे ८ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती, अशा तीन गटांच्या मध्ये १२ मीटरचे मोठे अंगण, आणि प्रत्येक घराला पुढे वाढायला मोकळीक, अशी तिची रचना आहे. तेथील मूळ घरे बहुतेक बदलली किंवा पाडून नव्याने बांधली गेली आहेत, आणि वाढण्याची मोकळीक दिली की लोक ती पुरेपूर घेतात, हाही धडा तेथेच मिळतो. अंगणे मात्र अजून ओळखू येतात.

आम्ही सहा-सहा घरांचे दोन गट केले आणि प्रत्येक गटाला ९ मीटर रुंद, १४ मीटर लांब खळे दिले. तळमजला आणि वर एक मजला, उंची साधारण सहा मीटर. खळ्याची रुंदी त्याहून जास्त ठेवल्यामुळे हिवाळ्यातही ऊन खाली उतरते. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे १० टक्के खुली जागा सोडण्याची सक्ती ४,००० चौरस मीटरपासून लागू होते. आमची जमीन त्याहून लहान, म्हणजे या नियमाने आम्ही एक फूटही सोडला नसता तरी चालले असते. आम्ही वीस टक्क्यांच्या वर सोडली, कारण घरे लहान ठेवायची तर बाहेर बसायला जागा हवी, हाच सगळा हिशेब होता.

नकाशा तपासताना पुढील बाबी पाहा. पाऊस नैऋत्येकडून आडवा येतो, म्हणून त्या बाजूला मोठ्या खिडक्या नकोत आणि वळचण निदान तीन फूट पुढे हवी. स्वयंपाकघराची खिडकी खळ्याकडे उघडावी. पोळ्या लाटताना खेळणाऱ्या मुलांवर नजर राहते, आणि पहारेकऱ्याचा पगार वाचतो. घरापासून सामायिक पडवीपर्यंत डोक्यावर छप्पर असलेली वाट हवी, नाहीतर चार महिने तेथे कोणी फिरकत नाही. गाड्या फाटकाशीच थांबाव्यात. या मुद्द्यावर आमच्यात सर्वांत जास्त वाद झाला. एका सभासदाला दाराशी गाडी हवीच होती. पण एक गाडी खळ्यात आली की दुसरी येते, आणि वर्षभरात खळ्याचा वाहनतळ होतो. आजारी माणसासाठी रुग्णवाहिका आत येईल एवढी रुंदी ठेवा आणि दोन काढता येणारे खांब लावा.

६. साहित्य: बचत कुठे खरी, कुठे खोटी

जांभ्याचा चिरा जवळच्या खाणीतून येतो, भाजावा लागत नाही, आणि खाणीतून काढल्यावर हवेत कठीण होत जातो. म्हणून तो पावसाळ्याआधी आणून महिना-दोन महिने उघड्यावर रचून ठेवावा. मऊ, पिवळसर मातीचे डाग असलेले चिरे परत पाठवा. चांगल्या चिऱ्याला आतबाहेर गिलावा लागत नाही, सांधे नीट भरले की पुरते. ही बचत खरी आहे. दोन घरांत एकच भिंत ठेवणे, आणि स्लॅबच्या खालच्या भागात काँक्रीटऐवजी जुनी मंगलोरी कौले बसवणे, या बचतीही खऱ्या आहेत. दुसऱ्या पद्धतीची सवय असलेला गवंडी आणि ती तपासणारा अभियंता मात्र हवा.

खोटी बचत म्हणजे खाडीची वाळू. तिच्यातील क्षाराने सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. खाऱ्या हवेमुळे सळईवरचे काँक्रीटचे आवरण नेहमीपेक्षा जाड ठेवायला सांगा. छपरावरही काटकसर नको. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली, मंडणगड, श्रीवर्धन भागांत उडाली ती बहुतेक नुसती ठेवलेली कौले आणि कमी खिळ्यांचे पत्रे. वासे भिंतीतील पट्ट्याला लोखंडी पट्टीने बांधून घ्या. आम्ही स्वतः केलेली चूक अशी की, खळ्याला शोभा म्हणून गुळगुळीत फरशी घातली. पहिल्याच श्रावणात तिच्यावर शेवाळ आले आणि आमच्यातल्या एका काकूंचे मनगट मोडले. ती फरशी उखडून खडबडीत चिरे बसवले.

७. पाणी, सांडपाणी आणि वीज एकत्रच हाताळा

तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या मुलखात मार्चपासून टँकर फिरतात, कारण जांभा चाळणीसारखा आहे. पाणी मुरते तसेच निघूनही जाते. आमच्या छपरांचे क्षेत्र ५४० चौरस मीटर. तीन मीटर पाऊस आणि २० टक्के गळती धरली तर वर्षाला सुमारे १३ लाख लिटर पाणी मिळते. चोपन्न माणसांना रोज १३५ लिटर धरले तर मार्च ते मे या ९२ दिवसांना जवळपास पावणेसात लाख लिटर लागते. म्हणजे पाणी पुरून उरते, पण एवढी टाकी बांधणे कोणालाच परवडणार नाही. म्हणून आम्ही फक्त पिण्या-स्वयंपाकाचे पाणी साठवले: माणशी १० लिटर, ९२ दिवस, म्हणजे पन्नास हजार लिटरची एक सामायिक टाकी. बाकीचे छपराचे पाणी गाळून विहिरीच्या वरच्या अंगाला मुरवतो. बारा घरांनी बारा टाक्या बांधल्या असत्या तर खर्च कितीतरी वाढला असता.

त्याच चाळणीतून शौचालयाचे पाणीही विहिरीत जाते, हे पुष्कळांना सुचत नाही. शोषखड्डा विहिरीच्या वरच्या अंगाला कधीही नको, आणि खालच्या अंगालाही निदान १८ ते २० मीटर दूर हवा. आमच्या पहिल्या नकाशात तो ११ मीटरवर, तोही वरच्या बाजूला दाखवला होता. शेवटी आम्ही सर्व घरांचे सांडपाणी एकत्र नेऊन कप्प्यांची बंद टाकी आणि पुढे कर्दळ लावलेला खडीचा वाफा केला. बाहेर पडणारे पाणी माड, केळी आणि पोफळींना जाते. वाफ्यातील खडी दर काही वर्षांनी धुवावी लागते, ती तरतूद आधीच करा.

पंप आणि सामायिक दिव्यांसाठी छपरावर सौर संच बसवा. पंतप्रधान सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॅटला १८,००० रुपये साहाय्य आहे.

८. पैसा

एकत्र बांधकाम असले तरी कर्ज प्रत्येकाचे वेगळे असते, आणि बँक संस्थेचे ना-हरकत पत्र मागते. वार्षिक उत्पन्न ९ लाखांच्या आत असेल आणि कुटुंबाच्या नावे देशात कोठेही पक्के घर नसेल, तर २०२४ मध्ये सुरू झालेल्या शहरी प्रधानमंत्री आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात व्याजावर १.८० लाखांपर्यंत अनुदानासाठी अर्ज करता येतो. घराची किंमत ३५ लाखांच्या आणि कर्ज २५ लाखांच्या आत हवे. अनुदान हिशेबात धरून बांधकाम सुरू करू नका. आले तर त्यातून कपाटे करा. कंत्राटदाराचे पैसे कामाच्या टप्प्यांनुसार द्या आणि पाच टक्के रक्कम एक पूर्ण पावसाळा जाईपर्यंत राखून ठेवा. कोकणात छपराची परीक्षा जुलैतच होते.

९. राहायला गेल्यावर

आदर्श उपविधींप्रमाणे बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.२५ टक्के निक्षेप निधी आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी जमा करायचा असतो. पहिल्या महिन्यापासून घ्या. ‘अजून सगळे नवेच आहे’ म्हणून पुढे ढकललेत तर पाचव्या वर्षी कोणीही द्यायला तयार नसतो. खळ्याच्या वापराचे नियम थोडे ठेवा, पण लिहून ठेवा. आमचे चार आहेत: गाडी नाही, कायमचे बांधकाम नाही, रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक नाही, आणि लग्न-मुंजीचा मांडव घालणाऱ्याने तो तीन दिवसांत उतरवायचा.

सफाईची पाळी घरटी लावली तर बुडते असा अनुभव आल्यावर आम्ही जोडीजोडीने लावली. शेजाऱ्याच्या लाजेने माणूस खराटा उचलतो. मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी मात्र सर्व बारा घरांतील एकेक माणूस हजर असावाच लागतो: पन्हळी, गाळणीची खडी, टाकीचे झाकण आणि पऱ्याचे तोंड, या चार गोष्टी मृग लागण्यापूर्वी साफ व्हायला हव्यात, आणि त्या दिवसाचे जेवण पडवीत एकत्र असते. जो येत नाही त्याच्याकडून पाचशे रुपये घेतो. ते यंदा दोघांकडून घेतले, त्यांपैकी एक मी होतो.